पाड्यापर्यंत न आलेली कादंबरी

मराठीतले ख्रिस्ती साहित्य वाचू पाहणाऱ्याच्या हाती सर्वांत आधी येते ते बहुधा लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाचकाची वाटही तिथूनच सुरू होते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' त्याला भेटते ते स्पर्धा परीक्षेच्या तयारीत, एका ओळीपुरते: पहिली मराठी कादंबरी, साल १८५७. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' आठवते ते त्यातल्या मराठीच्या स्तुतीपुरते. त्यापलीकडे जे सहज मिळते ते वेगळ्या जातीचे असते. रोजच्या मननाच्या पुस्तिका, आजारातून उठलेल्यांच्या साक्षी, इंग्रजीवरून घाईने उतरवलेली प्रेरणादायी पुस्तके. चारशे वर्षांची परंपरा एका टोकाला आणि या पातळ पुस्तिका दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेत आज कथा-कादंबऱ्या असायला हव्या होत्या, आणि नेमक्या त्याच फार थोड्या आहेत. श्रद्धेमुळे कलेचा संकोच झाला, असे याचे कारण नेहमी सांगितले जाते. मला ते पटत नाही. दोष श्रद्धेचा नाही, वाचकाविषयीच्या कल्पनेचा आहे. या साहित्याने फार काळ दोनच वाचक डोळ्यांसमोर ठेवले: एक आपल्या मंडळीतला, दुसरा मंडळीत आणायचा. जो शेजारी आहे आणि शेजारीच राहणार आहे, त्याच्यासाठी लिहिले गेले तेव्हाच या परंपरेतून थोर पुस्तके निघाली.

परंपरेच्या उगमाशीच याचा पुरावा आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राशोल इथे त्याचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ का लिहावा लागला, हे त्या ग्रंथातच येते. जुनी पुराणे वाचायला मनाई झाली, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असा प्रश्न एक श्रोता पाद्रीला विचारतो. त्या काळच्या गोव्यातला दडपशाहीचा भाग विसरून हा ग्रंथ वाचता येणार नाही, वाचूही नये. पण स्टीफन्सने ती मागणी ऐकली, आणि ऐकली ती श्रोत्याच्या कानाने. प्रश्नोत्तरांची कोरडी पुस्तिका त्याच्या कामाला पुरली असती, तशी पुस्तिका त्याने रचलीही होती. तरीही पुराणासाठी त्याने ओवी घेतली, कारण समोरच्या माणसाच्या कानात ज्ञानेश्वर-एकनाथांची लय बसलेली होती. मजकूर नवा आणि ऐकण्याची सवय जुनी, या दोहोंचा मेळ घालताना त्याला कवी व्हावे लागले.

'यमुनापर्यटन'मध्ये हाच मेळ अर्ध्यावर सुटतो, म्हणून ते पुस्तक अभ्यासण्यासारखे आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला आणि पुढच्याच वर्षी ही कादंबरी आली. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. गावोगावी त्यांना विधवा भेटतात, त्यांच्या हकिकती कानावर येतात. केशवपन, उपासमार, घरातल्याच पुरुषांचा जाच, पाप झाकण्यासाठी केलेली आणखी पापे. या हकिकती लिहिताना पदमनजींना उपमा-अलंकार सुचत नाहीत, आणि तेच त्यांचे बळ आहे. त्या काळच्या अद्भुतरम्य गोष्टींना सरावलेल्या मराठी गद्यात इतकी उघडी वास्तवता आधी नव्हती. पुढे विनायक मरतो, यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा विवाह करते. इथे कादंबरी ढासळते. कारण धर्मांतर नव्हे. धर्मांतर हा कादंबरीचा विषय होऊ शकतो, मोठा विषय होऊ शकतो. ढासळण्याचे कारण हे की यमुनेच्या मनातली ओढाताण आपल्याला दिसत नाही. जिने इतक्या बायकांचे दुःख ऐकले, तिला सासर-माहेर तुटताना काय वाटले? जुन्या देवांपैकी कोणी स्वप्नात आले का? लेखकाला उत्तर आधीपासून ठाऊक आहे, त्यामुळे नायिकेला प्रश्न पडत नाही. हळब्यांच्या १८६१ च्या 'मुक्तामाला'ला पहिली खरी कादंबरी मानणारे अभ्यासक 'यमुनापर्यटन'ला प्रबंध म्हणतात. मला ते अन्यायाचे वाटते. शेवट बाजूला ठेवला तर पदमनजींच्या विधवा हळब्यांच्या रम्य कथानकापेक्षा आजही अधिक जिवंत आहेत.

यमुनेला जे विचारले गेले नाही, ते सगळे लक्ष्मीबाईंनी स्वतःला विचारले. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे. पण मराठी ख्रिस्ती कथनकलेचा कळस तिथेच आहे. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. बायकोला न सांगता. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या, तरी सोवळे सोडले नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. या पाच वर्षांत एक बाई कशी बदलली, हे त्या सिद्धान्ताने सांगत नाहीत. सोवळ्याची गोष्ट त्यांनी बालपणापासून लावून धरली आहे. १८५७ च्या बंडात आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात जायचे नाही. त्या घरात वाढलेली मुलगी पुढे कुणाच्या हातचे पाणी घ्यायचे आणि कुणाच्या हातचे नाही, याचा हिशेब करत राहते, आणि एके दिवशी तो हिशेब तिला निरर्थक वाटतो. महत्त्वाचे असे की जातीचा हा गुंता सुटतो तो ख्रिस्तावर विश्वास बसण्याच्या आधी. धर्मप्रसाराच्या पुस्तकात हा क्रम उलटा लावला गेला असता. लक्ष्मीबाईंनी तो होता तसा ठेवला, म्हणून जो वाचक कधीच चर्चची पायरी चढणार नाही तोही त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

त्यानंतर काय झाले? कविता टिकली. टिळकांनी अभंग ख्रिस्तासाठी वापरला आणि तुकारामाचे ऋण मोकळेपणाने मानले. ती वाट पुढे बंद पडली नाही. वसईने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या साहित्याला नवे केंद्र दिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन करताना बिगरख्रिस्ती लेखक-वाचकांना जाणीवपूर्वक सामावून घेतले, 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सिसिलिया कार्व्हालो यांचे ललित लेखन आणि कविता, सायमन मार्टिन, फेलिक्स डिसोझा यांच्या कविता हे मराठीचे मुख्य प्रवाहातले लेखन आहे, एका समाजाचे अंतर्गत लेखन नव्हे. निबंध, कविता, आठवणी सगळे आहे. फक्त कादंबरीची जागा मोकळी राहिली आणि तिथे अनुवादित प्रेरणेने ठाण मांडले. त्या अनुवादांतला माणूस अमेरिकेतल्या उपनगरात राहतो, त्याचे संकट कर्ज किंवा घटस्फोट असते आणि शेवटच्या प्रकरणात ते मिटते. मुरबाडच्या वाचकाला त्यात अडचणही ओळखीची वाटत नाही आणि सुटकाही.

यावर आक्षेप येईल की प्रेरणादायी पुस्तकाला साहित्याची मोजपट्टी लावणेच चूक आहे. ज्याला रात्री झोप लागत नाही त्याला धीर हवा, शैली नको. आक्षेप मानवी आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण धीर देण्याचे काम कमअस्सल पुस्तक चांगले करते, हे कुठे सिद्ध झाले आहे? वारकऱ्याला धीर देणारे अभंग हेच मराठीतले श्रेष्ठ काव्य आहे. बनियनचे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' शुद्ध उपदेशाचे पुस्तक, तरी १८४१ साली हरि केशवजींनी ते 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणले, कारण त्यातला वाटसरू चिखलात खरोखर रुततो.

दुसरा आक्षेप संख्येचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे राज्याच्या एका टक्क्याच्या आतबाहेर. एवढ्या समाजात कादंबरीला गिऱ्हाईक कुठून मिळणार? जपानमध्येही ख्रिस्ती एक टक्क्याच्याच आसपास आहेत, आणि तिथे शुसाकू एन्दोने १९६६ साली 'चिन्मोकु' ही कादंबरी लिहिली. छळ होणाऱ्या गावकऱ्यांना वाचवण्यासाठी ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवणारा पाद्री त्याने नायक केला. ती वाचली बौद्ध, शिंतो आणि निरीश्वरवादी जपान्यांनी. एन्दोने त्यांना ख्रिस्ती करायचे ठरवले नव्हते. आपल्या श्रद्धेतली सर्वांत दुखरी जागा त्यांना दाखवायची ठरवली होती. लक्ष्मीबाईंचा वाचकही असाच होता. गिऱ्हाईक समाजाबाहेर असते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. आदिवासी पट्ट्यात धर्मांतर हा शब्द उच्चारला तरी वातावरण तापते. अशा वेळी कोण लिहील आणि कोण छापील? भीती अनाठायी नाही. पण या भीतीमुळेच तो विषय पत्रकांच्या आणि आरोपांच्या हाती गेला. पत्रक म्हणते आमिष, साक्षीची पुस्तिका म्हणते चमत्कार, आणि माणूस दोन्हींत नसतो. शहापूर तालुक्यातले तानसा, वैतरणा, भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात; मुलांची शाळा तिथेच तुटते. गावात भगत आहे, वाघोबा आहे, पौष पौर्णिमेची म्हसा गावची जत्रा आहे. अशा घरातली एखादी बाई भट्टीवर असताना कुणाच्या तरी प्रार्थनेला जाऊन बसते, तर का बसते? परतल्यावर सासूला काय सांगते? जत्रेला जाते की नाही? भगताकडे मूल दाखवायला नेते की नेत नाही? उत्तर भारतातली किंवा परदेशातली कोणतीही कादंबरी हे सांगू शकत नाही. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये वारल्यांच्या वेठबिगारीचे चित्र दिले ते चळवळीच्या बाजूने. श्रद्धेच्या बाजूने या मुलखाकडे तितक्या जवळून पाहिलेले कथालेखन ख्रिस्ती परंपरेने अजून दिलेले नाही.

असे लेखन बहुधा बाहेरचा पाद्री किंवा वसईचा कवी करणार नाही. ते पाड्यावर वाढलेल्या, आश्रमशाळेत शिकलेल्या, ठाकरी किंवा कातकरी बोली घरात ऐकलेल्या कुणाकडून येईल, आणि लिहिणारा ख्रिस्तीच असावा असेही नाही. मात्र त्याच्या कादंबरीत भगताला पास्टरइतकीच लांब आणि पास्टरइतकीच शहाणी वाक्ये मिळायला हवीत, आणि ती बाई शेवटी कुणीकडे जाते हे लेखकाला पहिल्या पानावर ठाऊक नसले पाहिजे.