व्यक्तिरेखा कशी घडते? : ‘कफन’चे उदाहरण

पात्र विशेषणांतून घडते असे तुम्हाला वाटत असेल, तर प्रेमचंदांची ‘कफन’ (१९३६) ही हिंदी कथा वाचा. निवेदक घीसू आणि माधव या बापलेकांना कामचोर म्हणतो, पण ती माहिती झाली. व्यक्तिरेखा उभी राहते ती कृतीतून. झोपडीत माधवची बायको बुधिया प्रसूतिवेदनांनी तळमळत असते. बाहेर हे दोघे भाजलेले बटाटे खात असतात. माधव आत जात नाही. तेवढ्यात बाप जास्त बटाटे खाईल, ही भीती! भूक आणि अविश्वास एका क्षणात दिसतात.

बुधिया मरते. कफनाचे पैसे दोघे दारू आणि पुऱ्यांवर उडवतात. मात्र उरलेल्या पुऱ्या माधव भिकाऱ्याला देतो आणि देण्याचा आनंद आयुष्यात प्रथमच अनुभवतो. त्याला निर्दय ठरवणारा आपला निवाडा येथे डळमळतो. पात्राचा विकास म्हणजे पात्र सुधारणे नव्हे, तर वाचकाची त्याच्याविषयीची समज वाढणे.

एक मर्यादाही लक्षात घ्या. बुधियाच्या वाट्याला फक्त किंकाळ्या येतात. तिला एखादे वाक्य मिळाले असते, तर हे दोघे आपल्याला असेच दिसले असते का? कथा पुन्हा वाचून उत्तर शोधा.