उत्तर बरोबर, रिअ‍ॅक्टर लहान

पीएचडी प्रवेशाची तयारी करणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात : "रिअ‍ॅक्शन इंजिनीअरिंगसाठी लेव्हनस्पील वाचू की फॉग्लर?" मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून या विषयात आले. दोन्ही पुस्तकांतली गणितं सोडवली, परीक्षा पास झाले आणि तरीही पहिल्याच वर्षी तोंडघशी पडले. त्यामुळे आज जरा सविस्तर उत्तर देते.

आधी एक गणित करू. वही घ्या.

द्रवरूप अभिक्रिया आहे, प्रथम कोटीची. रेट कॉन्स्टंट दर मिनिटाला ०.१, प्रवाह मिनिटाला १० लिटर. ९० टक्के कन्व्हर्जन हवंय. पीएफआरसाठी प्रवाह भागिले रेट कॉन्स्टंट, म्हणजे १००. त्याला १० च्या नैसर्गिक लॉगने, म्हणजे २.३०३ ने गुणायचं. उत्तर २३० लिटर. हेच काम सीएसटीआरमध्ये केलं तर ९०० लिटर लागतात. कारण सीएसटीआरमध्ये आतलं मिश्रण बाहेर पडणाऱ्या मिश्रणाइतकंच विरळ असतं, म्हणून अभिक्रिया सगळीकडे सर्वांत कमी वेगाने चालते.

आता एकच गोष्ट बदला. अभिक्रिया वायुरूप आहे आणि एका रेणूपासून दोन रेणू होतात. आत शुद्ध वायू येतोय, तापमान आणि दाब स्थिर. बाकी आकडे तेच. बरेच जण याही वेळी २३० लिटरच लिहितात. खरं उत्तर आहे ३७० लिटर. रेणू वाढले की वायू फुगतो, पुढे जास्त जोरात सरकतो आणि त्याला आत कमी वेळ मिळतो. २३० लिटरचाच रिअ‍ॅक्टर बसवला, तर ९० ऐवजी जेमतेम ७९ टक्के कन्व्हर्जन हाती येईल. परीक्षेत दोन गुण जातील. कारखान्यात मात्र पाचातला एक रेणू तसाच बाहेर पडेल.

ही चूक पुस्तकांची आहे का? थोडी आहे.

फॉग्लरची मोठी देणगी म्हणजे पायऱ्या : मोल बॅलन्स, रेट लॉ, स्टॉइकिओमेट्री, मग एकत्रीकरण आणि शेवटी आकडेमोड. स्टॉइकिओमेट्री ही वेगळी पायरी असल्यामुळे वर दाखवलेली चूक तिथेच पकडली जाते. पण रिअ‍ॅक्टरचं आकारमान काढायला तो दुसऱ्याच प्रकरणात शिकवतो. तिथे कन्व्हर्जन आणि वेग यांचा तयार तक्ता दिलेला असतो. आपण आलेख काढायचा, क्षेत्रफळ मोजायचं. तो वेग मोजला कोणी, कसा, हे नंतर कधीतरी येतं. तोवर वेग हा 'दिलेला' असतो, अशी सवय आपल्याला लागून जाते.

लेव्हनस्पीलचा क्रम उलटा आहे. तिसऱ्या प्रकरणात बॅच रिअ‍ॅक्टरमधल्या मोजमापांतून रेट लॉ शोधायचा, आदर्श रिअ‍ॅक्टर येतात ते पाचव्यात. संशोधनाचा क्रमही हाच असतो. पण त्याच पाचव्या प्रकरणात सूत्रांचे तक्ते आहेत, आणि आपण मुलं काय करतो? तिसरं प्रकरण ओलांडून थेट तक्ते पाठ करतो. घनता स्थिर असतानाचा तक्ता लहान आणि सोपा, म्हणून तोच डोक्यात बसतो. इथे दोष लेखकापेक्षा आपल्या घाईचा जास्त.

आता माझी फजिती. भट्टीत एक नळी, तापमान ३०० अंश सेल्सिअस. भरपूर नायट्रोजनमध्ये थोडासा अभिकारक. रेणूंची संख्या बदलण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. वेगवेगळ्या प्रवाहांवर कन्व्हर्जन मोजलं, आलेख काढला, रेषा अगदी सरळ आली. मी खूश! सरांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "हा प्रवाह तीस अंशांचा की तीनशेचा?"

फ्लोमीटर भट्टीच्या बाहेर, ३० अंशांवर होता. नळीच्या आत तोच वायू ५७३ भागिले ३०३, म्हणजे सुमारे १.८९ पट फुगलेला. त्यामुळे माझा रेट कॉन्स्टंट खऱ्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त आला होता. रेषा सरळच राहिली, कारण प्रत्येक बिंदू सारख्याच पटीने चुकला होता. शिवाय प्रत्येक तापमानाला ही पट वेगळी, म्हणून सक्रियण ऊर्जाही मोलमागे सुमारे ४.८ किलोज्यूलने कमी भरत होती. सगळी आकडेमोड पुन्हा केली.

म्हणून 'दिलेल्या' रेट कॉन्स्टंटकडे जरा संशयाने बघायला शिका. १८५० मध्ये विल्हेल्मीने आम्लात उसाच्या साखरेचं विघटन मोजलं, तेव्हा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात कमी होतो हे त्याला दिसलं. या अभिक्रियेत पाणीही भाग घेतं. पण ते इतकं मुबलक असतं की त्याचं प्रमाण बदललेलं जाणवतच नाही. म्हणजे 'प्रथम कोटी' हे प्रयोगाच्या परिस्थितीतून आलेलं वर्णन होतं. परिस्थिती बदलली तर ते टिकेलच असं नाही.

तर उत्तर असं : पायऱ्या फॉग्लरकडून घ्या, पण सुरुवात लेव्हनस्पीलच्या तिसऱ्या प्रकरणापासून करा. आणि कुठलंही गणित सोडवण्याआधी समासात चार प्रश्न लिहा. द्रव की वायू? रेणूंची संख्या बदलते का? प्रवाह कुठल्या तापमानाचा आणि दाबाचा? रेट कॉन्स्टंट कुठल्या पदार्थाच्या वेगाचा, आणि त्याचं एकक काय?

सुरुवातीला एका गणिताला दहा मिनिटं जास्त लागतील. लागू द्या. प्रयोगशाळेत कुठलाच आकडा 'दिलेला' नसतो, तो तुम्हालाच मोजावा लागणार आहे.