मैनेचे मत

अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. पोटासाठी मुंबईत आलेल्या गड्याचा विरह शेवटी खंडित महाराष्ट्राचे दुःख होतो, ही तिची ताकद. मात्र मैना स्वतः बोलत नाही. बेळगाव, कारवारसोबत गोवाही गृहीत धरला जातो.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा बोलला: विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मते, बाजूने १,३८,१७०. आणि विरोधाची धार होती मराठीतच! 'राष्ट्रमत' दैनिकातले उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' सदर मराठीत होते. छक्कडीवर भरभरून लिहिणाऱ्यांनी ते शेजारी ठेवून वाचावे. शाळेत उर्दू शिकवून मराठीत लिहिणाऱ्या आम्हाला तर भेंब्रे मराठीचे वैरी वाटत नाहीत.