कलागीताची तालीम आणि शब्दाचे स्थान

जर्मन कलागीतांच्या मैफलीकरिता गायकांची तयारी करून घेताना प्रथम स्वरावली पाठ करावयाची, नंतर तीवर शब्द बसवावयाचे व शेवटच्या तालमींत उच्चार तपासावयाचे, असा क्रम पुष्कळदा अवलंबिला जातो. तो सोयीचा असेल. परंतु या गीतप्रकाराच्या स्वरूपाशी तो विसंगत होय. ख्यालात बंदिशीचे शब्द रागविस्तारापुढे मागे पडले तरी चालते. येथे तसे चालत नाही. ह्यूगो वोल्फने एडुआर्ड मोरिकेच्या कवितांवरील आपली गीते १८८९ साली प्रसिद्ध केली, ती ‘मोरिकेच्या कविता’ याच नावाने, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शूबर्टने १८१४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ग्योटेच्या ‘फाउस्ट’मधील चरख्याशी बसलेल्या ग्रेटखेनच्या गीतास चाल दिली. पियानोत चरखा अखंड फिरत असतो. प्रियकराच्या चुंबनाचा शब्द येताच तो थांबतो. ‘कुस’ हा तो शब्द. त्यातील उकार जर्मनमध्ये ऱ्हस्व व किंचित विवृत आहे. (मराठीत उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुतांशी लेखनापुरता उरला असल्याने आपल्या कानास त्याचे महत्त्व चटकन जाणवत नाही.) शूबर्टने नेमका हाच ऱ्हस्व स्वर वरच्या षड्जापलीकडे नेऊन लांबविला आहे. भाषेने दिलेली मात्रा संगीताने काढून घेतली. उरला तो केवळ स्वराचा गुण.

शिक्षक या ठिकाणी ‘उकार स्वच्छ उच्चारा’ असा आग्रह धरतात. तो अशास्त्रीय आहे. मूळ पट्टीत त्या सुराची कंपने सेकंदास सुमारे ७८४ असतात. उकाराचा पहिला अनुनाद मात्र ४०० च्या आसपास असतो. गायिकेला जबडा उघडून तो अनुनाद वर न्यावाच लागतो, आणि उकार आकाराकडे झुकतो. हा तिचा दोष नव्हे. दोष आहे तो सगळा भार या एकाच जागी टाकणाऱ्या तालमीचा. ग्योटेने या शब्दाशी यमक जुळणारा, प्रवाह या अर्थाचा ‘फ्लुस’ हा शब्द थोडा आधी योजिला आहे. तेथे सूर इतका उंच गेलेला नसतो. तेथील उकार व त्यामागचा सकार नेमका कानी पडला, तर पुढील उकार निसटला तरी श्रोता शब्द ओळखतो. कविता वाचल्यावाचून ही सोय गायिकेस सापडणार कशी?

याच्या उलट टोकाचे गायकही असतात. ते प्रत्येक व्यंजन असे ठोकतात की सुराची सलगता तुटते आणि गीताचे पठण होते. त्यास निष्ठा म्हणणे कठीण आहे.

पियानोवादकास तालमीत उशिरा बोलाविण्याची प्रथा तर अधिकच घातक. जोडाक्षराने आरंभ होणाऱ्या शब्दात व्यंजने ठोक्याच्या आधी उरकून स्वर ठोक्यावर यावा लागतो. म्हणून तेवढा अवकाश साथीदाराने सोडणे अवश्य असते. शब्द ठाऊक नसलेला वादक तो सोडीत नाही. चुंबनाच्या शब्दानंतर चरखा पुन्हा सुरू होतो तो अडखळत, थांबत थांबत. त्यातला पहिला आघात अंत्य सकार विरल्यावर किती वेळाने यावा, हे दोघांनी एकत्र बसूनच ठरवावयाचे असते.