खेळ कोठें पाहावा?

आपल्याकडे असा एक समज रूढ आहे कीं, कोणतीहि गोष्ट प्रत्यक्ष पाहणें श्रेष्ठ आणि तिचें चित्र पाहणें कनिष्ठ. नाटक, गायन किंवा कीर्तन यांच्या बाबतींत हा समज बव्हंशीं खरा आहे, आणि त्याच न्यायानें तो खेळांनाहि लावला जातो. दूरचित्रवाणीवर सामना पाहणारा मनुष्य जणू मैदानावर जाण्याची ऐपत नाहीं म्हणून घरीं बसला आहे, अशा सहानुभूतीनें त्याच्याकडे पाहिलें जातें. आणि मैदानावरून परतलेला मनुष्य कांहीं अधिक जाणून आला आहे, असें समजून त्याचें बोलणें मुकाट्यानें ऐकून घेतलें जातें. आमच्या मतें हा न्याय सरसकट लावतां येत नाहीं. कांहीं खेळ पडद्यावरच नीट दिसतात. कांहीं खेळांना पडदा अपुराच नव्हे, तर अपायकारकहि ठरतो. ही विभागणी कोणाच्या आवडीनिवडीवर नव्हे, तर त्या त्या खेळाच्या घडणीवर अवलंबून आहे.

हा प्रश्न मुंबईकरांपेक्षां राजूरसारख्या गांवांतील वाचकांस अधिक जवळचा आहे. जालना-भोकरदन रस्त्यावरील हें गांव राजुरेश्वर गणपतीमुळें सर्वदूर ठाऊक आहे. परंतु मुंबई, पुणें, नागपूर हीं आंतरराष्ट्रीय सामन्यांचीं मैदानें येथून शेंकडों किलोमीटर दूर आहेत. २०१४ सालीं जालन्याचा विजय झोल १९ वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार म्हणून संयुक्त अरब अमिरातींत विश्वचषक खेळला, तेव्हां त्याच्या जिल्ह्यांतील लोकांस तो खेळ पाहण्यास पडद्यावांचून दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. हें त्या जिल्ह्याचें दुर्दैव म्हणावयाचें कीं सुदैव, हें ठरविण्यापूर्वीं 'पाहणें' म्हणजे काय, याचा विचार केला पाहिजे.

प्रथम एक निर्विवाद उदाहरण घेऊं. १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यानें पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजींत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलें. गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभें राहून, अशा तीन स्थितींत ५० मीटरांवरील निशाण वेधण्याची ही स्पर्धा. त्या निशाणावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे एखाद्या टपोऱ्या हरभऱ्याएवढें असतें. आणि अंतिम फेरींत तर गुणाच्या दहाव्या भागाचाहि हिशेब होतो. कितीहि तीक्ष्ण दृष्टीचा प्रेक्षक तेथें बसला तरी त्याला निश्चल उभ्या असलेल्या नेमबाजापलीकडे काय दिसणार? म्हणून तेथील प्रेक्षकहि निशाणाकडे नव्हे, तर तेथेंच लावलेल्या पडद्याकडे पाहत असतो. मग तोच पडदा राजूरच्या घरांत असला, तर बिघडलें कोठें?

बुद्धिबळाचीहि तीच गत. जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें कोनेरू हंपी हिचा पराभव करून महिलांचा विश्वचषक जिंकला. अशा डावाच्या दालनांत प्रेक्षकास मौन पाळावें लागतें, आणि दुरून त्याला पटावर वांकलेलीं दोन डोकीं तेवढीं दिसतात. पडद्यावर मात्र संपूर्ण पट, दोघींचीं घड्याळें आणि प्रत्येक चालीचें मर्म सांगणारा जाणकार, असा सारा थाट असतो. मॅरेथॉन शर्यत तर ४२.१९५ किलोमीटरांची. रस्त्याच्या कडेला तासन् तास उभा राहिलेला मनुष्य धावपटूस कांहीं क्षणच पाहतो. कोण कोठें मागें पडला, कोणी केव्हां वेग वाढविला, हें शर्यतीचें सारें कथानक त्याच्या दृष्टीआड घडतें. कादंबरीचें मधलें एक पान वाचून परतणाऱ्या वाचकासारखीच त्याची स्थिति म्हणावी लागेल.

आतां क्रिकेटकडे वळूं. कारण खरा वाद तेथेंच आहे. सुमारें सात सेंटीमीटर व्यासाचा चेंडू वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटून अर्ध्या सेकंदाच्या आसपास फलंदाजापर्यंत पोंचतो. मैदानाच्या कडेला बसलेल्या प्रेक्षकास तो सुटलेला दिसतो आणि टोलवलेला दिसतो. मधल्या अर्ध्या सेकंदांत तो हवेंत वळला कीं टप्पा पडल्यावर, हें त्याला बाजूनें बसून कळत नाहीं. खेळाचा प्राण तर त्या अर्ध्या सेकंदांतच असतो. गोलंदाजाच्या पाठीमागून टिपलेल्या चित्रांत तें वळण स्पष्ट दिसतें, आणि हवें तर पुन्हां संथ गतीनें दिसतें. नोव्हेंबर १९९२ मध्यें डर्बन येथील कसोटींत सचिन तेंडुलकरला धावचीत ठरविलें, तें मैदानाबाहेर बसून पडद्यावर चित्रफीत पाहणाऱ्या तिसऱ्या पंचानें. अशा रीतीनें बाद झालेला तो पहिलाच फलंदाज. त्या दिवशीं खेळाच्या नियमकर्त्यांनींच जणू कबूल केलें कीं, मैदानावर उभ्या असलेल्या पंचापेक्षां पडद्यासमोर बसलेला पंच अधिक पाहतो. पंचांचे डोळे जेथें अपुरे पडले, तेथें शंभर मीटर दूर बसलेल्या प्रेक्षकानें आपल्या डोळ्यांचा अभिमान कां बाळगावा?

अर्थात् पडद्याचे दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. पडदा चेंडूच्या मागें धांवतो आणि मैदान विसरतो. षट्क संपल्यावर कर्णधार क्षेत्ररक्षकांच्या जागा बदलतो, पुढल्या डावपेचाची मांडणी करतो. नेमक्या त्याच वेळीं आपल्यासमोर साबण आणि शीतपेयांच्या जाहिराती नाचूं लागतात. या बाबतींत आकाशवाणी अधिक प्रामाणिक होती, असें म्हटल्यास चुकणार नाहीं. बाळ ज. पंडित मराठींतून धावतें समालोचन करीत, तेव्हां चेंडू दिसत नसे. परंतु कोणता गडी कोठें उभा आहे, हें ऐकून श्रोता सारें मैदान मनांत मांडून घेत असे. पडद्यानें डोळ्यांना चेंडू दिला आणि मनापासून मैदान काढून घेतलें. तरीहि तोलून पाहतां, क्रिकेटमध्यें पडद्याचेंच पारडें जड ठरतें, असें आमचें मत आहे.

परंतु हें माप घेऊन आपण कुस्तीच्या फडांत गेलों, तर तें तत्काळ मोडतें. मातींतल्या निकाली कुस्तींत पाठ जमिनीला लागली कीं निकाल लागला. तो समजण्यास चित्रफीत नको, तिसरा पंच नको. झाडावर चढून बसलेल्या पोरालाहि तो त्याच क्षणीं कळतो. सारा जमावच पंच असतो. आमची कसोटी ती हीच: ज्या खेळाचा निकाल शेवटच्या रांगेंतील माणसास नुसत्या डोळ्यांनीं कळतो, त्या खेळास पडद्याची गरज नाहीं, आणि ज्याचा निकाल पहिल्या रांगेंतील माणसासहि कळत नाहीं, त्यानें पडद्यावरच यावें.

कबड्डी या दोहोंच्या मध्यें उभी आहे. १३ मीटर लांब व १० मीटर रुंद अंगण डोळ्यांच्या एका कवेंत मावतें. चढाई करणारा कोणत्या कोपऱ्यावर डाव धरून आहे आणि सातांची सांखळी कशी आवळत चालली आहे, हें कडेला उभ्या असलेल्या माणसाइतकें कोणासच दिसत नाहीं. परंतु बोटाचा ओझरता स्पर्श झाला कीं नाहीं, पाय बोनस रेषेपलीकडे पडला कीं नाहीं, याविषयीं तंटे माजत आले आहेत. आणि २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डीनें ते पडद्यावर मिटविण्याची सोय केली. न्याय पडद्याला अधिक साधतो, रंग अंगणाला, असाच निवाडा येथें द्यावा लागेल.

कोणी म्हणेल, मैदानावरील उत्साहाचें काय? त्याचें उत्तर राजूरलाच मिळतें. अंगारकी चतुर्थीस हजारों माणसें रांगेंत तिष्ठत राहतात, आणि अखेर गाभाऱ्यासमोर क्षणभरच उभीं राहतात. त्याच देवाची तसबीर घरच्या भिंतीवर दिवसभर न्याहाळतां येते. परंतु म्हणून यात्रा व्यर्थ, असें कोणी म्हणत नाहीं. कारण यात्रेकरू मूर्ति अधिक बारकाईनें पाहावयास गेलेलाच नसतो. तो तेथें असावयास गेलेला असतो. वानखेडे मैदानावर जाणाराहि एका परीनें यात्रेसच जातो. त्यानें खुशाल जावें. मात्र घरीं बसलेल्यापेक्षां आपण खेळ अधिक पाहिला, असें त्यानें म्हणूं नये. दर्शन आणि निरीक्षण हीं दोन वेगळीं पुण्यें आहेत.

येथवर आलें म्हणजे प्रश्न नुसत्या सोयीचा राहत नाहीं. वानखेडेवर राजूरचा मनुष्य गेला नाहीं म्हणून क्रिकेटचें कांहीं अडत नाहीं. परंतु मराठवाड्यांतल्या यात्रेंतील फड पाहा. रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून अखेरच्या मोठ्या जोडीपर्यंत तेथें प्रेक्षक हाच आश्रयदाता असतो. तो खिशांतून इनाम लावतो, हलगीच्या तालावर जोड ठरवितो, नवख्या पोराच्या पाठीवर थाप मारतो. १९५२ सालीं हेलसिंकी येथें स्वतंत्र भारताला पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांची ती कुस्ती त्यांच्या गांवानें पाहिली नाहीं. पण त्यापूर्वींच्या ज्या कुस्त्यांनीं मल्ल घडतो, त्या पाहणारे लोक गांवोगांव होते. मल्ल तयार होतो तो अशा पाहणाऱ्यांच्या बळावर. फड ओस पडला, तर पडद्यावर दाखविण्यास उद्यां कोणता मल्ल उरेल?

म्हणून आमचें वाचकांस सांगणें इतकेंच. नेमबाजी, बुद्धिबळ, मॅरेथॉन आणि क्रिकेटहि घरीं बसून पाहा, आणि त्याबद्दल मनांत कमीपणा बाळगूं नका. तेथें पडदा तुमच्या डोळ्यांहून सरस आहे व तुमची गैरहजेरी कोणास जाणवणारी नाहीं. परंतु त्यामुळें प्रवासाचा जो वेळ व पैसा वांचेल, त्यांतील थोडा गांवच्या फडासाठीं व कबड्डीच्या अंगणासाठीं राखून ठेवा. तेथें पाहण्यास तुमचे डोळे पुरेसे आहेत. आणि तुम्ही तेथें नसलांत, तर तें त्या खेळणाऱ्या पोराला कळल्यावांचून राहत नाहीं.