चित्रपटातला श्रीनिवास आणि आपल्या वर्गातली हुशार मुलगी

महेश मांजरेकर यांचा ‘शिक्षणाच्या आयचा घो’ हा चित्रपट २०१० साली आला. मुलाच्या गुणांसाठी जिवाचे रान करणारे मधुकर राणे (भरत जाधव) आणि क्रिकेटमध्ये रमणारा श्रीनिवास (सक्षम कुलकर्णी) यांची ही गोष्ट. रागाच्या भरात वडील हात उचलतात, मुलगा कोमात जातो आणि मग वडील शिक्षणव्यवस्थेलाच जाब विचारू लागतात. कन्नड तालुक्यातील पिशोर येथे अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर आम्ही तो नुकताच पुन्हा पाहिला.

चित्रपटाची जमेची बाजू आधी सांगितली पाहिजे. यातला बाप खलनायक नाही. तो घाबरलेला आहे. आपल्यासारखे ओढाताणीचे आयुष्य पोराच्या वाट्याला येऊ नये, या भीतीपोटी तो कठोर होतो. विनोदी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भरत जाधव यांनी ही भीती चांगली उभी केली आहे.

चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. वर्गात नेहमी पुढे असणारी एक मुलगी म्हणाली, “सर, मला तर घरी कुणीच काही म्हणत नाही. पप्पा म्हणतात, पडतील तेवढे पडू दे. तरी मला रात्री झोप येत नाही. माझ्यावर कुणाचा दबाव आहे मग?”

या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नाही, आणि तिथेच तो तोकडा पडतो. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून निर्दोषपणाची मागणी करणे, दुसऱ्याकडून ती करणे आणि ‘लोक माझ्याकडून ती करतात’ असे मनाने घेणे. मधुकररावांत दुसरा प्रकार दिसतो, श्रीनिवास तिसऱ्याच्या ओझ्याखाली आहे. पहिला प्रकार चित्रपटात फारसा येतच नाही. बापाने हात आवरला की प्रश्न सुटेल, असे प्रेक्षकाला वाटत राहते. ज्या मुलीने ती छडी स्वतःच्याच हाती घेतली आहे, तिचे काय?

दुसरी उणीव अधिक खोल आहे. श्रीनिवासची बाजू घेण्यासाठी चित्रपटाला त्याच्या अंगी क्रिकेटचे असामान्य कौशल्य द्यावे लागते. म्हणजे शिखर बदलले, शिखरावर पोहोचण्याची सक्ती तशीच राहिली. अभ्यासात मध्यम आणि खेळातही मध्यम असे मूल या गोष्टीत कुठे बसते? आपल्या वर्गात तर बहुसंख्य तीच मुले असतात.

त्या मुलीची प्रयोगवही आम्ही नंतर पाहिली. साध्या लंबकाचा प्रयोग होता. लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांच्या आलेखावर सगळे बिंदू रेषेवर तंतोतंत बसले होते. एका जागी मात्र खोडरबराने कागद विरला होता. “ते रीडिंग चुकलं होतं,” ती म्हणाली. वास्तविक २० ऐवजी १९ दोलने मोजली गेली, तर दोलनकाल ५ टक्के कमी येतो आणि त्याचा वर्ग जवळजवळ १० टक्के. तो बिंदू रेषेखाली उतरतो आणि चूक कुठे झाली असेल ते सुचवतो. तिने नेमके तेच खोडले होते. चुकीची लाज वाटू लागली की विज्ञान थांबते, ते असे.

मोजमापात त्रुटी असते हे आपण प्रयोगशाळेत शिकवतो, पण गुणपत्रिकेपाशी आलो की विसरतो. राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल पाहा. २०१८ मध्ये तो ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० आणि २०२० मध्ये ९५.३०. एका वर्षात मुले मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असे कोण म्हणेल? २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता, भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते. २०२० मध्ये ते परत आले, शिवाय करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले. मोजपट्टी बदलली की माप बदलते. महाविद्यालयात प्रवेश गुणांवरच ठरतो, हे खरे. म्हणून अभ्यास हवाच. पण अर्ध्या टक्क्याच्या फरकावरून मुलाची लायकी ठरवणे हे मोजमापाच्या शास्त्रात बसत नाही.

मग शिक्षकाने काय करावे? प्रयोगवहीत खोडरबर बंद करावा. चुकीच्या नोंदीवर एक रेघ मारावी आणि कारण शेजारी लिहायला लावावे. तपासलेली उत्तरपत्रिका आधी केवळ शेऱ्यांसह द्यावी, गुण दुसऱ्या दिवशी सांगावेत. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून कागदावर लिहून घ्यावे : इतके गुण पडले तर काय, त्याहून कमी पडले तर काय, आणि गावाजवळच शिकायचे ठरले तर काय. भीतीला आकडे आणि वाटा दिल्या की ती आटोक्यात येऊ लागते. मात्र झोप व भूक बरेच दिवस हरपली असेल किंवा मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर उपदेश न करता पालकांना बोलवावे, डॉक्टरांना दाखवावे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे.

चित्रपट मुलांना जरूर दाखवा. पण दिवे लागल्यावर लगेच घरी सोडू नका. न मारताही घाबरलेली मुले तेव्हाच बोलतात. त्या मुलीने पुढच्या आठवड्यात लंबकाचा प्रयोग पुन्हा केला. एक बिंदू रेषेखाली आला. तो तिने तसाच ठेवला आणि शेजारी लिहिले : ‘बहुधा एक दोलन कमी मोजले.’ आम्ही त्याखाली सही केली.