सुरतेच्या साडीची गोधडी

गोधडीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याचा सूर बहुधा शोकाचा असतो: आजीचे लुगडे गेले, दुकानातले ब्लँकेट आले, कला संपली. धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातल्या सास्तूरच्या परिसरात हा शोक टिकत नाही. मराठवाड्याच्या गावांत गोधड्या, वाकळा आजही शिवल्या जातात. बदलले आहे ते कापड. सुती लुगड्या-धोतरांच्या जागी सुरतेच्या छापील, कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. या साड्यांची गोधडी हीच आजची गोधडी आहे. तिला ‘बिघडलेली’ ठरवून आपण मोकळे झालो, म्हणून कला संपल्यासारखी वाटते.

गोधडीचे सौंदर्यशास्त्र तिच्या कच्च्या मालातून येते. जुने लुगडे जमिनीवर ताणून अंथरायचे, त्यावर धोतर, सदरे, चोळ्या यांचे तुकडे विरलेल्या जागा भरतील असे लावायचे, वरून दुसरे लुगडे टाकायचे, आणि काठापासून आत येत धावदोऱ्याच्या ओळींनी सगळे थर एकजीव करायचे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुतात सुई सहज शिरते, थर एकमेकांना धरून राहतात, आणि इरकलीचा विटका लाल धोतराच्या मळकट पांढऱ्याशेजारी आपोआप शोभतो. म्हणजे रंगसंगतीचे निम्मे काम वापराने आणि उन्हाने आधीच केलेले असे. हा माल आटला त्याची कारणे अर्थव्यवस्थेत आहेत. जानेवारी १९८२मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुती कापडाचा तो उद्योग पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी केली. पुढे स्वस्त, टिकाऊ, इस्त्री न लागणारी साडी आठवडी बाजारात आली. अंगावरचे वस्त्र बदलल्यावर अंथरुणातले बदलणारच होते. त्यात सास्तूर-किल्लारी पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाने दगडमातीची घरे कोसळली. घराबरोबर पिढीजात कपड्यांच्या पेट्या ढिगाऱ्याखाली गेल्या नसत्या तरच नवल. जुन्या सुताचा पुरवठा सगळीकडे हळूहळू आटत होता. इथे त्यावर एका पहाटेचा घाव पडला.

नव्या कापडाने शिवणारणीपुढे नवे प्रश्न टाकले. कृत्रिम साडी निसरडी असते. थर सरकतात, म्हणून आधी कच्चे टाके जास्त घालावे लागतात आणि ओळी जवळ घ्याव्या लागतात. तिचा रंग सहसा विटत नाही, म्हणून भडक गुलाबी, मोरपंखी, पिवळा यांना शेजारी बसवण्याचा निर्णय आता पूर्णपणे हाताचा असतो. त्यावर मूळचीच फुलापानांची छपाई असते. तिच्यावरून जाणारा दोरा नक्षीला छेद देतो किंवा तिच्यात हरवतो. या अडचणींतून काही गोधड्या नुसत्या गोंगाटी होतात, हे मान्य केले पाहिजे. पण जिथे एकरंगी काठ चौकट धरतो आणि विरोधी रंगाचा दोरा छपाईला शिस्त लावतो, तिथे जुन्या गोधडीत नसलेली धिटाई दिसते. चांगली आणि वाईट असा भेद करता येतो, म्हणजेच समीक्षेला तिथे काम आहे.

यावर पहिला आक्षेप असा की शहरांत सुती गोधडी नव्याने विकली जात असताना या पॉलिएस्टरचे कौतुक कशाला? गीता खंडेलवाल या स्वतः रजया घडवणाऱ्या कलावतीने महाराष्ट्रातील गोधड्यांवर २०१३ साली इंग्रजी ग्रंथ काढला आणि या कलेला जगापुढे आणले. त्या नोंदींचे मोल मोठेच आहे. मात्र नवे सुती कापड ताग्यातून आणून, कापून, ‘जुन्यासारखे’ जोडणे हा वेगळा व्यवसाय आहे. त्यातून शिवणारणीला मजुरी मिळते, हे त्याचे खरे समर्थन. बंगालच्या कांथ्याचेही असेच झाले: जुन्या साड्यांच्या थरांवरचा टाका नव्या रेशमावर गेला, पैसा आला, थर गेले. दुसरा आक्षेप सामग्रीच्या शुद्धतेचा. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे उदाहरण इथे पुरेसे आहे. सीअर्स कंपनीसाठी उशांचे अभ्रे शिवताना उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्यांतून त्यांनी १९७०च्या दशकात रजया केल्या. जाड, ताठ कापडाने त्यांना मोठे, ठसठशीत आकार घ्यायला लावले. त्यांच्या रजया २००२मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, तेव्हा कारखान्याचे कापड म्हणून त्यातल्या कॉर्डरॉयच्या रजयांना वगळले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: गोधडी ही निवड नव्हे, टंचाईने लादलेले कष्ट; त्याला कला म्हणणे म्हणजे गरिबीचे उदात्तीकरण. घाम न शोषणारे हे अंथरूण उन्हाळ्यात सुखाचे नसते, हेही खरे. पण टंचाई फक्त माल ठरवते. कोणता तुकडा कुठे लावायचा, हे नाही. तो निर्णय नाकारला तर कष्टांबरोबर त्या बाईची बुद्धीही नाकारली जाते. उदात्तीकरण टाळायचा उपाय मौन नसून नीट नोंद हा आहे: शिवणारणीचे तिच्या संमतीने नाव, वर्ष, कापड, लागलेले दिवस, मिळालेली मजुरी. अशी नोंद झालेली सुरती गोधडी संग्रहालयात सुती वाकळेशेजारी लागली पाहिजे. तोवर मराठवाड्याच्या वस्त्रकलेचा इतिहास गिरणी संपाशीच थांबलेला राहील.